आहेर कुठे, वर्गणी कुठे? जपानी लग्नातलं हिरोएन आणि निजिकाई

टोकियोत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला सहकाऱ्याच्या लग्नाचं बोलावणं दोन तऱ्हांनी येऊ शकतं. एक, जाड कागदाची पत्रिका आणि सोबत उत्तराचं पोस्टकार्ड. दुसरं, ‘लाइन’ या मेसेजिंग ॲपवर मेसेज: अमुक रेस्टॉरंट, संध्याकाळी इतके वाजता, फी इतकी. आपण दोन्हींना ‘रिसेप्शन’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोळ होतो. पहिलं हिरोएन, दुसरं निजिकाई. एकात आहेर द्यायचा असतो, दुसऱ्यात वर्गणी.

हिरोएन म्हणजे नवं जोडपं चारचौघांसमोर आणण्याची औपचारिक मेजवानी. पत्रिका ज्याच्या नावाची, त्यानेच जायचं; ‘सहकुटुंब सहपरिवार’ हा प्रकार नाही. टेबलावर प्रत्येकाच्या जागी नावाची चिठ्ठी असते, त्यामुळे ‘बघतो, जमल्यास येतो’ हे उत्तर चालत नाही. पोस्टकार्डावर ‘हजर’ या शब्दाभोवती गोल करायचा आणि त्याच्या आधी छापलेलं आदरार्थी अक्षर दोन रेघांनी खोडायचं. यजमानांनी ते तुमच्या मानासाठी छापलेलं असतं. तसंच ठेवलं, तर स्वतःच स्वतःला ‘अहो’ म्हटल्यासारखं होतं.

आहेराला गोशूगी म्हणतात. मित्र किंवा सहकारी असाल तर साधारण ३०,००० येन, म्हणजे १०,००० च्या तीन कोऱ्या नोटा. रक्कम पत्रिकेवर कुठेच लिहिलेली नसते. ती सगळ्यांना ठाऊक असल्याचं धरलेलं असतं. सम आकडा दोघांत वाटला जातो म्हणून विषमाला पसंती. ५०१ देणाऱ्या आपल्या माणसाला हे चटकन पटेल, पण वरचा रुपया इथे घालू नका! पाकीट खास लग्नाचंच हवं, लाल-पांढऱ्या किंवा सोनेरी-रुपेरी कागदी दोऱ्यांची न सुटणारी गाठ असलेलं. सहज सुटणाऱ्या फुलगाठीचं पाकीट बारशासारख्या पुन्हा पुन्हा यावं अशा आनंदासाठी. आणि रंग नीट पाहा, कारण मयताच्या पाकिटालाही न सुटणारीच गाठ असते, फक्त दोऱ्या काळ्या-पांढऱ्या. पुरुषांच्या काळ्या सुटाचंही तेच: लग्नाला टाय पांढरा, मयताला काळा. पांढरा पोशाख मात्र नवरीचा, पाहुण्या बायकांनी तो टाळायचा.

आत गेल्यावर साहेबांचं भाषण, मग प्याले उंचावणं, जेवण, मध्येच नवरीचं कपडे बदलून येणं, शेवटी आईवडिलांसाठी लिहिलेलं पत्र वाचणं. सगळं अडीचेक तासांत, मिनिटांच्या हिशोबाने. भाषणात ‘कापणं’, ‘संपणं’, ‘परतणं’ हे शब्द टाळतात. केक कापत नाहीत, त्यात ‘सुरी घालतात’. समारंभ संपत नाही, तो ‘उघडतो’. फुटलेली बांगडी ‘वाढली’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं. निघताना हातात परतभेटीची पिशवी येते.

निजिकाई म्हणजे शब्दशः ‘दुसरी बैठक’. ऑफिसच्या पार्टीनंतर दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतात, तिलाही हाच शब्द. हिरोएननंतरच्या निजिकाईची व्यवस्था बहुधा नवरा-नवरीचे मित्र करतात. फी, म्हणजे काईही, आधीच कळवलेली असते, बहुतेकदा ५,००० ते १०,००० येनच्या दरम्यान. दारातच नेमके सुटे पैसे द्यायचे. पाकीट नको, गाठ नको. इथे सजवलेलं पाकीट पुढे केलंत, तर वर्गणी गोळा करणारा बिचारा अवघडतो. जागा ठरलेली नसते, बिंगो खेळतात, कपड्यांचे नियम सैल असतात. हिरोएनला गेलात तरी इथली फी वेगळी द्यावी लागते, गोशूगीत ती धरलेली नसते.

फक्त निजिकाईचं बोलावणं आलं म्हणून रुसू नका. हिरोएनला माणशी खर्च मोठा आणि जागा मोजक्या, म्हणून बाकीच्या मित्रमंडळींना निजिकाईला बोलवायची रीतच आहे.

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर मात्र वरचा हिशोब उलटतो. तिथे मुख्य मेजवानीच वर्गणीवर करायची जुनी पद्धत आहे. टोकियोचा पाहुणा सवयीने जाड पाकीट घेऊन साप्पोरोला पोचतो आणि टेबलामागचा माणूस त्याला फीची पावती देतो. तेव्हा पत्रिकेवर आधी ‘काईही’ हा शब्द शोधा, पाकीट नंतर घ्या.