पत्र्याच्या शेडमधील काचलोकर

पोलादी सांगाड्याच्या कारखान्यात छताच्या पत्र्याखाली, आणि कधी बाजूच्या पत्र्यामागेही, ऊन व आवाज अडवण्यासाठी बसवतात ती काचतंतूंची गादी म्हणजे काचलोकर. साइटवर सगळे तिला ‘ग्लास वूल’च म्हणतात; काचलोकर हा शब्द पुस्तकातच राहिला.

वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि भंगार काच भट्टीत वितळवतात. हा रस बारीक भोकांच्या, गरगर फिरणाऱ्या चकतीतून बाहेर फेकला जातो आणि त्याचे तंतू होतात. जत्रेतला साखरेचा कापूस असाच निघतो. तंतूंवर त्यांना एकमेकांना चिकटवणारे रेझिन फवारून गादी भाजतात. ओळखीचा पिवळा रंग या रेझिनमुळे येतो. कारखानी प्रमाणावरचे उत्पादन १९३०च्या दशकात अमेरिकेत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत गेम्स स्लेटर यांनी बसवले.

छताचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. मे महिन्यात बुटीबोरीत किंवा वाळूजला तो ६० अंशांच्या पुढे तापतो आणि दुपारभर खालच्या माणसांच्या डोक्यावर आग ओकतो. पोलादाची उष्णतावाहकता काचलोकरीच्या हजारपटीहून जास्त असते. अर्थात उष्णता अडते ती तंतूंमध्ये कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. गादी दाबली किंवा भिजली की ही हवा निघून जाते, आणि ‘ग्लास वूल टाकूनही शेड तापते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

बसवण्याची रीत साधी आहे. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पोलादी पट्ट्यांवर, तारेची जाळी ताणतात, तिच्यावर गादीची फॉइल चिकटवलेली बाजू खाली ठेवून रोल उलगडतात, वर पत्रा टाकून स्क्रू मारतात. गादी सहसा ५० किंवा ७५ मिलिमीटर जाडीची घेतात. ५० मिलिमीटरची गादी पर्लिन आणि पत्रा यांच्या कात्रीत सापडून बोटभरही उरत नाही, आणि नेमक्या त्या रेघेवरून उष्णता आत उतरते. थर्मल कॅमेऱ्यातून असे छत पाहिले तर पर्लिन एकेक मोजता येतात. पत्रा व पर्लिन यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळे ठेवणे हा त्यावरचा उपाय. आपल्याकडे खर्च वाचवताना पहिली कात्री त्यालाच लागते.

काचलोकरीचा दुसरा उपयोग हिवाळ्यात कळतो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागली की खालच्या अंगाला दव धरते, आणि सकाळी लेथच्या बेडवर थेंब पडलेले दिसतात. पाऊस नसताना शेड गळते ती अशी. गादीची फॉइल दमट हवेतली वाफ पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. मात्र सांधे टेपने नीट बंद हवेत. एक सांधा उघडा राहिला तर वाफ आत शिरून गादी भिजते, ओली गादी पत्र्याला आतून गंज चढवते आणि जाळीला झोळ पडतो. महाड किंवा लोटे परशुराम भागात पावसाळ्यात काम करायचे तर त्या दिवशी पत्र्याने झाकता येईल तेवढाच रोल उघडावा. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजू लागला की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. गादी असेल तर हा आवाज बराच उतरतो.

काच जळत नाही, पण रेझिन आणि काही प्रकारचे प्लॅस्टिक आवरण जळते. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून जपावे लागते. सांगाड्याला आगीपासून वाचवायचे काम या गादीचे नाही. ते दगडी लोकरीचे (वितळलेल्या दगडाच्या तंतूंची गादी) किंवा खास लेपाचे. साधारण ६०० अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद जाते आणि काचतंतूही मऊ पडू लागतात.

तंतू टोचून अंगाला खाज सुटते. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेतच. खाजवायचे नाही, वाहत्या पाण्याने तंतू धुऊन काढायचे. कर्करोगाबाबत आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसीने २००१ मध्ये फेरविचार करून इन्सुलेशनची काचलोकर संशयितांच्या यादीतून काढली.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मात्र मुख्य उष्णता वरून येत नाही, खालच्या भट्टीतून येते. तिथे आधी रिजवरून, म्हणजे छताच्या माथ्यावरून, गरम हवा बाहेर जाण्याची सोय पाहावी लागते, आणि गादीचा हिशेब त्यानंतर करायचा असतो.