प्रतिभा (काश्मीर शैवदर्शन व संस्कृत काव्यशास्त्र)

नवे काही एकदम दिसणे आणि ते घडवता येणे, या दोहोंना आधार देणारी चित्ताची शक्ती म्हणजे प्रतिभा. संस्कृत काव्यशास्त्राने तिला काव्याचे बीज मानले. नवव्या ते अकराव्या शतकांतील काश्मीरने तिचा विचार थेट चैतन्याच्या स्वरूपापर्यंत नेला. तेथे कविता तपासणारे आणि समाधीची चिकित्सा करणारे लोक एकाच वर्तुळातले होते, अनेकदा तर एकच होते. त्यामुळे ओळ सुचते त्या क्षणी कवीच्या जाणिवेचे नेमके काय होते, हा प्रश्न त्यांनी फार बारकाईने धसास लावला.

ही कल्पना काव्यापुरती जन्मली नाही. वैशेषिक या प्राचीन दर्शनपरंपरेतील भाष्यकार प्रशस्तपादाने एका लहान मुलीचे उदाहरण दिले आहे. ‘उद्या माझा भाऊ येणार, असे माझे हृदय सांगते,’ असे ती म्हणते. तिच्याजवळ ना निरोप आहे, ना अनुमानाला आधार. तरीही तिचे जाणणे खरे असू शकते. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात ‘प्रातिभाद्वा सर्वम्’ असे सूत्र येते : प्रातिभ ज्ञानाने योग्याला सर्व काही कळते. पाचव्या शतकातील वैयाकरण भर्तृहरीने तर रोजच्या बोलण्यातच प्रतिभा पाहिली. वाक्याचा अर्थ शब्दाशब्दाने जोडला जात नाही, तो एका झटक्यात उमगतो आणि हे उमगणे म्हणजेच प्रतिभा, असे त्याने वाक्यपदीयात मांडले. वसंतात कोकिळाला सूर कोण शिकवतो, घरटे बांधायला प्राण्यांना कोणी शिकवले, असेही तो विचारतो. प्रतिभा मूठभर भाग्यवंतांची मिरास नाही, हे भर्तृहरीचे म्हणणे पुढच्या काव्यचर्चेत मागे पडले. त्याची हळहळ वाटते.

काव्यशास्त्रात प्रतिभेबरोबर लगेच येतो तो अवधानाचा मुद्दा. काश्मीरच्या जयापीड राजाचा मंत्री वामन याने आठव्या शतकाच्या अखेरीस ‘कवित्वबीजं प्रतिभानम्’ असे सूत्र लिहिले आणि पाठोपाठ अवधान म्हणजे चित्ताची एकाग्रता, असे सांगितले. ती साधण्यासाठी त्याने स्थळ आणि वेळही नेमून दिली : निर्जन जागा आणि रात्रीचा चौथा प्रहर. त्या वेळी मन विषयांपासून सुटून प्रसन्न होते, हे त्याचे कारण. कालिदासाला हेच एका श्लोकात सांगता आले होते. मालविकाग्निमित्रातील राजाने मालविकेचे चित्र आधी पाहिलेले असते. ती प्रत्यक्ष समोर येते तेव्हा चित्र फिके वाटते, आणि राजाच्या मनात येते की चित्रकाराची समाधी शिथिल झाली असावी. तो त्याच्या हातोटीला दोष देत नाही, रंगांनाही देत नाही. समोर जे आहे त्याच्याशी चित्त पुरते एकरूप राहिले नाही, एवढाच दोष.

कवी आणि नाटककार राजशेखराचे नाव महाराष्ट्राशी जोडलेले आहे. आपला पणजोबा अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. त्याची कारकीर्द मात्र मुख्यतः कनौजच्या प्रतिहार दरबारात, नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात गेली. त्याच्या काव्यमीमांसेत जुने मतभेद नोंदलेले आहेत : श्यामदेव म्हणे, काव्यात समाधीच सर्वांत जास्त काम करते, मंगल म्हणे, अभ्यास. राजशेखराने दोघांनाही जागा दिली. समाधी हा आतला प्रयत्न, अभ्यास हा बाहेरचा, आणि दोन्ही मिळून शक्तीला प्रकट करतात. ज्याला प्रतिभा नाही त्याला समोरच्या गोष्टीही परोक्षच राहतात, आणि प्रतिभावंताला न पाहिलेलेही प्रत्यक्ष असते, असे सांगताना तो मेधाविरुद्र आणि कुमारदास हे जन्मांध कवी होते, ही परंपरेतली आठवण देतो. प्रतिभेचे त्याने दोन भाग केले. कवीची ती कारयित्री, रसिकाची ती भावयित्री. वाचणाऱ्यालाही प्रतिभा लागते, हे शास्त्रात स्पष्ट नोंदवले गेले ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच ग्रंथात कवीची दिनचर्याही आहे, आणि तिच्यातील एक सूचना विशेष मोलाची आहे. दुसऱ्या प्रहरी कवीने रचना करावी आणि दिवसाच्या अखेरच्या प्रहरी ती पुन्हा तपासावी. कारण रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याजवळ निवड करणारी दृष्टी नसते. जास्त झालेले काढावे, उणे असेल ते भरावे, विसरलेले आठवावे. स्फूर्तीच्या क्षणावर एवढी श्रद्धा ठेवणाऱ्या परंपरेने त्या क्षणाच्या हाती अखेरचा शब्द दिला नाही, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

काश्मीरमध्ये अवंतिवर्म्याच्या राज्यात (८५५–८८३) दोन प्रवाह एकत्र नांदत होते. राजतरंगिणीत त्या काळातील कवींमध्ये आनंदवर्धनाचे नाव येते आणि सिद्धांमध्ये भट्ट कल्लटाचे. कल्लट हा काश्मीर शैवदर्शनाच्या शिवसूत्र या मूळ ग्रंथाशी ज्याचे नाव निगडित आहे त्या वसुगुप्ताचा शिष्य. आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या आपल्या काव्यशास्त्रग्रंथात लिहिले की, एरवी जुळवायला अवघड असणारे अलंकार रसात चित्त एकवटलेल्या प्रतिभावान कवीकडे ‘मी आधी, मी आधी’ म्हणत धावत येतात. वेगळा प्रयत्न करून जडवलेला अलंकार त्याला म्हणूनच खटकतो. लिहिता लिहिता ‘मी लिहितो आहे’ हे भान गळून पडते आणि हात चालत राहतो, ही अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या वाक्याची सत्यता वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

त्याच शैव परंपरेतील स्पंदकारिकांनी हाच क्षण आयुष्याच्या इतर टोकांवर शोधला. अत्यंत रागावलेला, हर्षाने भरून गेलेला, ‘आता काय करू’ असे चाचपडणारा किंवा जिवाच्या आकांताने धावणारा माणूस ज्या पदाला पोहोचतो, तेथे स्पंद, म्हणजे चैतन्याचे मूळ स्फुरण, प्रतिष्ठित असतो. विज्ञानभैरव या शैव ग्रंथातील ११२ धारणांपैकी, म्हणजे चित्त एकाग्र करण्याच्या युक्तींपैकी, काही अशाच आहेत. शिंकेच्या आरंभी आणि अंती, भयात, शोकात, कुतूहलात ब्रह्मसत्तेची दशा असते, असे तेथे म्हटले आहे. गाणे ऐकताना त्यात विरून जाणे हीही एक धारणाच. या सर्वांत समान काय, तर मन मागच्या-पुढच्या हिशेबातून निसटते आणि चालू क्षणच पुरा उरतो. शिवसूत्रांतील ‘उद्यमो भैरवः’ (उद्यम हाच भैरव) या सूत्रावर लिहिताना टीकाकार क्षेमराजाने उद्यमाचा अर्थ श्रम असा घेतलेला नाही. परा, म्हणजे सर्वोच्च, प्रतिभा झटकन वर उसळणे, तो उद्यम. ही उसळी टिकणारी नसते. म्हणून दुसरे एक सूत्र जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्हींमध्ये चौथी अवस्था, तुर्या, तेलासारखी शिंपावी असे सांगते. तुर्या म्हणजे रोजचे जगणे सोडून गाठायचे दूरचे शिखर नव्हे. रोजच्या तीन अवस्थांतच ती मुरवायची असते.

भट्ट तौत आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्त (सुमारे ९५०–१०२०) यांच्याकडे हे सारे धागे येऊन मिळतात. तौताचा काव्यकौतुक हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यावरचे अभिनवगुप्ताचे विवरणही हरवले. भारतीय साहित्यविचाराची याहून मोठी हानी क्वचितच झाली असेल. इतरांनी उद्धृत केलेले काही श्लोक मात्र वाचले. ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’ ही सर्वाधिक गाजलेली व्याख्या त्यांपैकीच. जैन आचार्य हेमचंद्राने जपलेले दुसरे वचन त्याहून खोल आहे. ऋषी नसलेला कवी नसतो, आणि ऋषी होतो तो दर्शनाने. पण कवी म्हणवून घ्यायला दर्शनाबरोबर वर्णनही लागते. आदिकवी वाल्मीकीचे दर्शन नित्य आणि निर्मळ होते, तरी वर्णन जन्मले नाही तोवर जगात कविता उगवली नाही. उच्च अनुभव आणि कला यांच्यातील अंतर इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी मोजले असेल.

अभिनवगुप्ताने लोचन या ध्वन्यालोकावरील टीकेच्या मंगलश्लोकात हेच दोन टप्पे ‘प्रख्या’ आणि ‘उपाख्या’ म्हणून घेतले. सरस्वतीचे जे तत्त्व कारणसामग्रीवाचून अपूर्व वस्तू उभी करते आणि दगडासारख्या जगाला आपल्या रसाने भिजवते, त्याचे नाव तो ‘कवि-सहृदय’ असे सांगतो. कवी आणि रसिक मिळून एकच तत्त्व. त्याच्या तंत्रालोक या शैव ग्रंथात हीच प्रतिभा परमेश्वराची परा देवी होते : विश्वरूप होण्यासाठी तिला दुसऱ्या कशाची गरज नाही. त्या ग्रंथात प्रातिभ गुरूही आहे, ज्याचे ज्ञान शास्त्र वा आचार्यावाचून आतूनच उगवते.

काव्याचा खरा अर्थ सुचवला जातो, या आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धांताचा कडवा विरोधक महिमभट्ट (अकरावे शतक) या बाबतीत मात्र वेगळे बोलत नाही. रसाला अनुरूप शब्दार्थांच्या चिंतनात चित्त स्तब्ध झाले की क्षणभर स्वरूपाचा स्पर्श होतो, त्यातून उठणारी प्रज्ञा ती कवीची प्रतिभा. तोच शंकराचा तिसरा डोळा, असे तो म्हणतो. येथे ‘क्षणभर’ हा शब्द महत्त्वाचा. कवी सिद्ध होत नाही, त्याला स्पर्श होतो. खुद्द आनंदवर्धनानेही ही मर्यादा मान्य केली होती : कवीची नवी दृष्टी आणि विद्वानाची दृष्टी, दोन्हींनी विश्व न्याहाळून आपण थकलो, पण विष्णुभक्तीसारखे सुख मिळाले नाही, असा श्लोक त्याने ग्रंथात घातला आहे.

मराठी वाचकाला ही परंपरा परकी नाही. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात ‘आणि ज्ञानबंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिसें । म्हणितलें असे । सदाशिवें’ असा ‘ज्ञानं बन्धः’ (ज्ञान हे बंधन) या सूत्राचा उल्लेख केला. १८७५ साली गेऑर्ग ब्यूलर यांनी काश्मीरमधून आणलेली हस्तलिखिते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत, आणि ध्वन्यालोक लोचनासह प्रथम छापला तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने, १८९१ साली.

प्रतिभा एकटी पुरते का, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. काव्यशास्त्रकार मम्मटाने शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू, म्हणजे कारण, मानला. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने तो मोडून काढला : कारण एकच, प्रतिभा. ती कधी देवता वा महापुरुषाच्या प्रसादाने येते, कधी व्युत्पत्ती (बहुश्रुतता) आणि अभ्यासाने. तिन्ही नेहमीच एकत्र लागतात असे म्हणावे, तर ना पांडित्य ना सराव अशा बालकांच्या ठिकाणीही ती केवळ प्रसादाने प्रकटते, याचे उत्तर काय, असा त्याचा आक्षेप आहे.