मूत्रमार्गाची ऊती अभियांत्रिकी व मूलपेशी

मूत्रमार्गाची ऊती अभियांत्रिकी : मूत्राशय, मूत्रवाहिनी (वृक्कापासून, म्हणजे मूत्रपिंडापासून, मूत्राशयापर्यंतची नळी) किंवा मूत्रोत्सर्गनलिका यांचा खराब झालेला वा जन्मतःच अपुरा राहिलेला भाग रुग्णाच्या पेशी आणि शरीरात विरघळणारा सांगाडा यांपासून तयार केलेल्या ऊतीने भरून काढण्याची पद्धती. मराठीत ‘मूत्रमार्ग’ हा शब्द कधी वृक्कापासून बाहेरपर्यंतच्या सगळ्या वाटेसाठी, तर कधी फक्त शेवटच्या नळीसाठी वापरतात. येथे तो व्यापक अर्थाने घेतला असून शेवटच्या नळीला मूत्रोत्सर्गनलिका म्हटले आहे. जुन्या कोशांतील ‘ऊतक’ व ‘कोशिका’ यांऐवजी शालेय पुस्तकांमुळे रुळलेले ‘ऊती’, ‘पेशी’ आणि ‘मूलपेशी’ हे शब्द योजले आहेत.

‘ऊती अभियांत्रिकी’ या संज्ञेच्या जन्माविषयी एकमत नाही. अमेरिकेतील लेक टाहो परिसरात १९८८ च्या आरंभी झालेल्या कार्यशाळेत ती रूढ झाली, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. जैवयांत्रिकीचे अभ्यासक वाय. सी. फंग यांनी त्याआधी १९८५ च्या सुमारास ती सुचवली होती, असाही दाखला देतात. मात्र १९८४ मधील एका नेत्ररोगविषयक लेखात हेच दोन शब्द एकत्र आलेले आहेत. तेथे अर्थ वेगळा आहे : डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भागावर आपोआप वाढलेली ऊती. त्यामुळे शब्द आधीचा आणि कल्पना नंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक. आजच्या अर्थाला स्थैर्य आले ते रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकांटी यांच्या १९९३ मधील लेखाने.

मूत्राशय, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘लघवीची पिशवी’, लहान किंवा ताठर झाल्यास आतड्याचा तुकडा जोडून तो मोठा करण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. मानवावरील पहिल्या प्रयोगाचे श्रेय योहान फोन मिकुलिच यांना देतात. त्यासाठी १८८९ ते १८९९ या दरम्यानची निरनिराळी वर्षे संदर्भग्रंथांत आढळतात. शस्त्रक्रियेचे आणि प्रसिद्धीचे वर्ष यांची गल्लत हे त्याचे कारण असावे. ही पद्धत आजही प्रचलित आहे, पण आतड्याचे काम शोषून घेण्याचे आणि मूत्राशयाचे काम काहीही शोषू न देता साठवण्याचे. मूत्राशयाच्या अस्तरातील सर्वांत वरच्या, छत्रीसारख्या पसरट पेशींवर युरोप्लाकिन या प्रथिनांचे फरसबंदीसारखे थर असतात आणि त्यांमुळे मूत्र रक्तात परत झिरपत नाही. आतड्याला हे कवच नाही. परिणामी रक्तातील आम्लता वाढते, चिकट स्राव साचतो, खडे होतात आणि क्वचित बऱ्याच वर्षांनी कर्करोगही उद्भवतो.

मूत्रोत्सर्गनलिकेची स्थिती निराळी आहे. नलिका आकसून लघवीची धार बारीक झाली, की गालाच्या आतल्या अस्तराचे कलम लावतात. ही कल्पना बराच काळ ग्रॅहम हंबी यांच्या नावे, १९४१ या सालाने, नोंदली जात होती. किरिल सापेझ्को यांनी कीव्ह येथे १८९० च्या दशकातच हे केले होते, हे रशियन भाषेतील जुन्या लेखनावरून अलीकडे पुढे आले. अग्रमान सापेझ्को यांचाच दिसतो. हंबींनी तो लेख पाहिला असण्याचा संभव मात्र कमी. कलम काढताना वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडणारे लाळग्रंथीच्या नलिकेचे तोंड जपावे लागते. ते सोडून अस्तराची लांबट पट्टी सोलून घेतात आणि तिची आतली चरबी कात्रीने खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेत पुणे हे जगभरच्या शल्यविशारदांचे शिकण्याचे ठिकाण झाले आहे. संजय कुलकर्णी यांनी विकसित केलेली, नलिका एकाच बाजूने मोकळी करण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडची अडचण वेगळीच. गुटखा-सुपारीने ज्याच्या गालाचे अस्तर पांढरे, ताठ झाले आहे आणि तोंडही पुरते उघडत नाही, त्याच्याकडून कलम कुठून घ्यायचे? प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तराची खरी गरज अशा रुग्णाला आहे.

मूत्राशयासाठीची कृती थोडक्यात अशी. रुग्णाच्या मूत्राशयाचा छोटा तुकडा काढून अस्तराच्या व स्नायूच्या पेशी वेगळ्या करतात आणि त्या स्वतंत्रपणे वाढवतात. कोलॅजेन (शरीरातील एक तंतुमय प्रथिन) किंवा पॉलिग्लायकोलिक आम्ल (शरीरात विरघळणारे कृत्रिम द्रव्य) यांच्या वाडग्यासारख्या सांगाड्यावर बाहेरून स्नायूपेशी आणि आतून अस्तरपेशी पेरतात. शेवटचा टप्पा शल्यकक्षातला : हा वाडगा मूळ मूत्राशयाच्या उघडलेल्या माथ्यावर शिवतात. बॉस्टन येथे अँथनी अटाला व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कुत्र्यांवरील आणि २००६ मध्ये सात रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे सातही जण ४ ते १९ वर्षे वयाचे होते, मणक्यातील जन्मजात दोषामुळे त्यांच्या मूत्राशयातील दाब वाढलेला होता आणि तुकडा काढल्यापासून शिवण्यापर्यंत सुमारे सात आठवडे गेले. ‘प्रयोगशाळेत घडवलेला पहिला अवयव’ असा त्याचा गाजावाजा झाला. तो नेमका नाही, कारण मूत्राशयाचा तळ, लघवी रोखणारी झडप आणि मूत्रवाहिन्यांची तोंडे रुग्णाची मूळचीच होती.

या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्या नव्या भागावर वपा, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा रक्तवाहिनीयुक्त पडदा, गुंडाळला होता, त्यांचे निकाल सर्वांत चांगले आले. केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा दूर असलेली पेशी प्राणवायूअभावी जगत नाही. वपा रक्तपुरवठा पोहोचवते. नाहीतर पेरलेल्या पेशी मरतात, तेथे व्रणऊती धरते आणि वाडगा आकसतो. टेंगियन या कंपनीने याच तत्त्वावर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. स्पायना बायफिडा, म्हणजे मणक्यातील जन्मजात दोष, असलेल्या दहा मुलांत मूत्राशयाच्या लवचिकतेत उपयुक्त म्हणावी अशी सुधारणा झाली नाही आणि गंभीर दुष्परिणाम दिसले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत निघाली.

नळीच्या बाबतीत यश थोडे अधिक. मेक्सिको सिटीत २००४ ते २००७ दरम्यान पाच मुलग्यांना स्वतःच्या पेशींपासून केलेल्या मूत्रोत्सर्गनलिका बसवल्या आणि काही वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही त्या मोकळ्या राहिल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट शेफील्डमध्ये मृतदेहाच्या निर्जीव केलेल्या त्वचेवर गालाच्या पेशी वाढवून पाच जणांना कलमे लावली, तेव्हा दोघांत कलम आकसले : एकाचे पूर्ण, दुसऱ्याचे अंशतः काढावे लागले.

वरील एकाही प्रयोगात काटेकोर अर्थाने मूलपेशी, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या अविशेषित पेशी, नव्हत्या. सगळ्या रुग्णाच्या प्रौढ, विशेषित पेशी होत्या. मूलपेशींकडे वळण्याचे कारण असे की मूत्राशयात कर्करोग असेल तर तेथल्या पेशी घेता येत नाहीत. शिवाय मज्जारज्जूच्या दोषाने बिघडलेल्या मूत्राशयातील स्नायूपेशी वाढवल्यावरही आपला दोष टिकवतात, असे काही अभ्यास सांगतात. अस्थिमज्जा व चरबी येथील मध्योतक (मेझेन्कायमल) मूलपेशी प्राण्यांत बऱ्याच वापरल्या गेल्या. त्या स्वतः स्नायू होतात की वृद्धिघटक स्रवून शेजारच्या पेशींना कामाला लावतात, यावर मतभेद आहेत. पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो, कारण टोचलेल्या पेशींपैकी फार थोड्या दीर्घकाळ टिकतात. प्रेरित बहुसक्षम पेशींत, म्हणजे प्रौढ पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूलपेशींसारखे बनवून मिळवलेल्या पेशींत, गाठ होण्याचा धोका असतो.

सर्वाधिक कुतूहल मूत्रातच सापडणाऱ्या मूलपेशींविषयी आहे. २००८ मध्ये युआनयुआन झांग व सहकाऱ्यांनी ताज्या लघवीतून वाढवता येणाऱ्या अशा पेशींचे वर्णन केले. चिरफाड नाही, भूल नाही, एक स्वच्छ बाटली पुरते. या पेशी मूत्राशयाच्या अस्तरातून गळतात, असे प्रथम वाटणे साहजिक होते. परंतु पुरुषाचे वृक्क बसवलेल्या स्त्रियांच्या लघवीतून वाढवलेल्या पेशींत फक्त पुरुषांत असणारे य (Y) गुणसूत्र आढळले, म्हणजे त्या दात्याच्या वृक्कातून आल्या असल्या पाहिजेत. त्यांच्यावरील काही खुणा केशिकागुच्छाच्या, म्हणजे वृक्कातील रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या झुबक्याच्या, पेशींशी जुळतात. यावरून वृक्कजन्य उगमाचे मत बळकट झाले आहे. तथापि सर्वच पेशी तेथून येतात, असे म्हणता येत नाही.

लघवीवरील ताबा सुटण्याच्या विकारात झडपेच्या स्नायूत स्नायूजन्य पेशी टोचण्याचे प्रयोगही झाले. या विषयावरील २००७ चा एक गाजलेला निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने पुढच्याच वर्षी मागे घेतला. नंतरच्या एका मोठ्या चाचणीत नुसते द्रावण टोचलेल्या स्त्रियांनाही इतका गुण आला, की नव्या रुग्णांची भरतीच थांबवावी लागली.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपणे वगळता मूलपेशींचा वापर परवानगी असलेल्या चाचणीतच करता येतो. मूत्रविकारांवर ‘स्टेम सेल’ उपचार पैसे घेऊन देण्याच्या जाहिराती या चौकटीत बसत नाहीत.

मूत्रवाहिनीवरील काम मुख्यतः प्राण्यांपुरते राहिले आहे. सुमारे २५ ते ३० सेंमी. लांब आणि काही मिलिमीटर रुंद असलेली ही नळी लाटेसारखी आकुंचन पावून मूत्र पुढे ढकलते, आणि तशी लय असलेला स्नायू सांगाड्यावर वाढवणे जमलेले नाही. दोष लहान असेल तर मूत्राशयाचीच पट्टी वळवून नळी करतात, मोठा असेल तर लहान आतडे वापरतात.