रंग नव्हे, रंगाचा नंबर

१९८१ साली आलेल्या बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरच्या लोकप्रिय मॉडेलमध्ये मेमरी होती ३२ केबी. प्रोग्रॅम आणि पडद्यावरचं चित्र दोघांनी तेवढ्यातच दाटीवाटीनं राहायचं. त्याच्या 'मोड १' या चित्रप्रकारात ३२० गुणिले २५६, म्हणजे ८१,९२० पिक्सेल (ठिपके) असत. पिक्सेलला दोनच बिट (बिट म्हणजे ० किंवा १ची एक जागा; आठ बिटांचा एक बाइट) दिले तरी २० केबी चित्रातच संपायचे. आणि दोन बिटांत मावतात चारच आकडे: ०, १, २, ३. यंत्राला मात्र रंग येत होते आठ.

त्यावरचा उपाय म्हणजे पॅलेट. पिक्सेलमध्ये रंग साठवायचाच नाही, नुसता नंबर ठेवायचा, आणि कोणता नंबर कोणत्या रंगाचा हे एका छोट्या तक्त्यात लिहायचं. सुरुवातीला २ म्हणजे पिवळा असे. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'व्हीडीयू १९,२,४,०,०,०' (२ या नंबराला रंग ४, म्हणजे निळा) लिहिलं, की पडद्यावरचे सगळे पिवळे ठिपके क्षणात निळे! चित्राच्या मेमरीतला एक बाइटही हलायचा नाही.

काटकसरीसाठी केलेल्या या सोयीतली खरी गंमत हालचालीत आहे. धबधबा काढायचाय? १, २, ३, १, २, ३ अशा नंबरांचे आडवे पट्टे एकदाच काढा, त्यांना निळा, आकाशी, पांढरा हे रंग द्या आणि मग तिघांची फिरवाफिरव करत राहा. पाणी वाहू लागतं. हेच चित्र दर वेळी नव्यानं काढायचं तर? प्रोसेसरचे सेकंदाला २० लाख ठोके, पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जाणार, म्हणजे एका वेळेला ४०,००० ठोके हातात. लिहायचे २०,४८० बाइट (तेच वरचे २० केबी), आणि चित्रात एक बाइट लिहायलाच किमान चार ठोके. गणित बसतच नाही.

मला याहून आवडते ती दोन चित्रांची युक्ती. दोन बिटांत १ म्हणजे ०१, २ म्हणजे १०, ३ म्हणजे ११. त्यांपैकी उजव्या बिटात एक चित्र काढायचं, डाव्यात दुसरं. १ आणि ३ पांढरे, ० आणि २ काळे केले की पहिलं चित्र दिसतं. २ आणि ३ पांढरे, बाकीचे काळे केले की दुसरं. एक दिसत असताना लपलेल्यात पुढची पोझ काढून ठेवायची आणि तक्ता उलटवायचा. पाहणाऱ्याला पुसापुशी दिसतच नाही.

त्या काळातल्या इतर घरगुती कॉम्प्युटरांपैकी १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमला असं पॅलेट नव्हतं. १९८४ च्या ॲमस्ट्रॅड सीपीसीला २७ रंगांमधून एका वेळी सोळापर्यंत निवडता येत. १९८५ च्या अमिगात रंग ४,०९६, आणि पडदा ओळीओळीनं रंगवला जात असतानाच तक्ता बदलणारी वेगळी सर्किटं.

पॅलेट शिकताना मी एकदा 'व्हीडीयू १९,३,०,०,०,०' दिलं. ३ हा अक्षरांचा नंबर, ० म्हणजे काळा. काळ्यावर काळं! मशिन मेलं असं समजून मी बटण बंद केलं. तासाभर टाइप केलेला, सेव्ह न केलेला प्रोग्रॅम गेला. न दिसताच 'व्हीडीयू २०' टाइप करून रिटर्न दाबलं असतं, तर तक्ता मूळ पदावर आला असता आणि अक्षरं होती तिथेच उजळली असती.