बी.पी.एड.मधला 'एड.'

मुंबईत 'स्पोर्ट्स सायन्स' शिकायचे म्हटले की चार वाटा समोर येतात : क्रीडाविज्ञानाची पदवी, कोणत्याही पदवीनंतरचे बी.पी.एड. (बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन, शारीरिक शिक्षणाची पदवी), फिजिओथेरपी करून पुढे क्रीडा शाखा, आणि जिम ट्रेनरचे काही महिन्यांचे प्रमाणपत्र. चारही माहितीपत्रकांत व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र असतेच. त्यामुळे पालकांना चारही वाटा एकाच गावी जाणाऱ्या वाटतात. तसे नाही, आणि त्याचे मूळ बी.पी.एड.मधल्या 'एड.', म्हणजे एज्युकेशन, या दोन अक्षरांत आहे.

तालमी, आखाडे, गिरणगावातली कबड्डी मंडळे हा भाग सर्वांना ठाऊक आहे. विद्यापीठीय शिक्षणाशी त्याचा संबंध फार उशिरा आला. १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे पहिले प्रशिक्षण महाविद्यालय निघाले, १९३८ मध्ये कांदिवलीत मुंबई सरकारची प्रशिक्षण संस्था आली, १९५७ मध्ये ग्वाल्हेरला तीन वर्षांची पदवी सुरू झाली. गरज शाळांची होती, म्हणून घडवायचा होता तो शिक्षक. पाठ-टाचण, कवायत, लेझीम, मैदान आखणे ही मुख्य कामे. शरीरक्रियाशास्त्र असायचे ते एका पेपरापुरते.

त्याच सुमारास शहरात दुसरे दार उघडत होते. पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, परळच्या महापालिका रुग्णालयात आंतरराष्ट्रीय मदतीने देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. स्नायूचा अभ्यास तिथे रुग्णाच्या अंगाने झाला, मैदानावर विद्यार्थ्याच्या अंगाने. दोन्ही वर्ग एकमेकांपासून लोकलच्याच अंतरावर, पण दोघांचे विद्यार्थी एका प्रयोगशाळेत क्वचितच आले.

मैदानाच्या बाजूला विज्ञान आले ते चाचण्यांच्या रूपाने, तेही तयार. १९४३ची हार्वर्ड स्टेप चाचणी आजही प्रात्यक्षिकाच्या वहीत असते. बाक २० इंच, म्हणजे ५०.८ सेंमी, मिनिटाला ३० वेळा चढउतार, जास्तीत जास्त ५ मिनिटे. थांबल्यावर बरोबर एक मिनिटाने ३० सेकंद नाडी, मग दोन आणि तीन मिनिटांनी पुन्हा तेवढीच. सेकंदांना १०० ने गुणून तिन्ही मोजणींच्या बेरजेच्या दुपटीने भागायचे. पूर्ण ३०० सेकंद आणि ८०, ६५, ५५ ठोके असतील तर निर्देशांक ७५. ही चाचणी अमेरिकेतल्या तरुण पुरुषांवर बेतलेली. सव्वापाच फुटांच्या मुलाची त्या बाकावर आधी मांडी भरते, हृदयाची परीक्षा राहते बाजूला. नाडी दहा सेकंद उशिरा धरली तर ठोके कमी भरतात आणि निर्देशांक उगाच चांगला दिसतो. शिवाय मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नाडी लवकर उतरत नाही. तोच विद्यार्थी जानेवारीपेक्षा ऑक्टोबरात अशक्त ठरू शकतो. वहीत तापमान आणि आर्द्रता लिहायला रकाना नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

कूपरच्या १२ मिनिटांच्या चाचणीचे (१९६८; तेवढ्या वेळात जमेल तेवढे धावायचे) दुखणे वेगळे. आठ लेनचा ४०० मीटरचा ट्रॅक सुमारे १७७ मीटर लांब आणि ९२.५ मीटर रुंद, म्हणजे चार एकर. मुंबईत एवढी जागा मोजक्याच ठिकाणी. उरलेले सगळे २०० मीटरच्या फेरीवर धावतात. वळणे दुप्पट, वेग कमी, आणि पुस्तकातले सूत्र मात्र तेच : मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागा, की शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरते त्याचा अंदाज मिळतो.

हा विषय म्हणजे शिक्षकाचे प्रशिक्षण की स्वतंत्र ज्ञानशाखा, हा वाद अमेरिकेत १९६३-६४ मध्येच जाहीरपणे झाला आणि तिथल्या विभागांनी पुढे नावेही बदलली. आपल्याकडे तो वाद कायद्याच्या भाषेत, आणि भलत्याच कारणाने आला. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने आयोग नेमला, आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. सुमार शिक्षक-प्रशिक्षणावरचा तो उपाय होता. त्यातून २०१४च्या अखेरीस शिक्षक-शिक्षणाच्या केंद्रीय नियामकाचे नवे नियम निघाले आणि बी.एड.च्या जोडीने बी.पी.एड.ही एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले.

या बदलाच्या बाजूने म्हणणे असे की एका वर्षात खेळ, पाठ आणि शास्त्र तिन्ही बसत नव्हते. ते खरेच होते. पण वाढलेले वर्ष कुठे गेले ते नमुना अभ्यासक्रमात पाहावे : शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र मिळून एक पेपर, किनेसिऑलॉजी (हालचालींचे शास्त्र) आणि बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचे यंत्रशास्त्र) मिळून एक पेपर. संगणक, व्यवस्थापन, शिक्षण-तंत्रज्ञान यांना स्वतंत्र जागा मिळाली. वर्ष दुप्पट झाले, प्रयोगशाळा होती तेवढीच राहिली. नियामक शिक्षक-शिक्षणाचा असल्यामुळे त्याने शिक्षकच मोजला. दोष द्यायचाच तर रचनेला द्यावा.

वेळही वाईट होती. राज्यात २०१२ पासून शिक्षकभरती अडलेली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद. पूर्णवेळ पीटीच्या सरांचा त्यात उल्लेख नाही. तीन अधिक दोन, अशी पाच वर्षे घालवून तासिकेवर जायचे, हे गणित विद्यार्थ्यांनीही केले.

त्यानंतर मात्र घडामोडी भराभर झाल्या. २०१८ मध्ये मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा, २०२० मध्ये राज्याच्या स्वतःच्या क्रीडा विद्यापीठाचा, त्याच वर्षी नवे शैक्षणिक धोरण आणि चार वर्षांच्या पदव्या. २०२१च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात फिजिओथेरपीला स्वतंत्र प्रवर्ग मिळाला; क्रीडाविज्ञानाला मिळाला नाही. म्हणजे मधुमेह्याला व्यायाम कोणी सांगायचा, हा प्रश्न पदवीच्या नावावर सोडलेला.

नव्या पदव्यांमुळे शिकवण्याच्या खोलीत ट्रेडमिल आणि श्वासातले वायू मोजणारे वायू-विश्लेषक आले. इथे चुका वेगळ्या होतात. दर चाचणीआधी बाहेरच्या हवेवर (ऑक्सिजन २०.९३ टक्के) आणि मग सिलिंडरमधल्या प्रमाणित वायूवर यंत्र जुळवायचे, तीन लिटरच्या सिरिंजने प्रवाहमापक तपासायचा. बंद एसी खोलीत वीस विद्यार्थी जमलेले असताना 'बाहेरची हवा' म्हणून तीच खोली यंत्राला दिली की आकडे सरकतात. नळीत वाफेचे थेंब साचले तरी तेच. मैदानावर बाक आणि शिट्टी यांवर शिकलेल्या अध्यापकाला हे नव्याने शिकावे लागते.

नोकरीच्या अटी अजून जुन्या-नव्याच्या मध्ये आहेत. विद्यापीठांच्या केंद्रीय नियामकाच्या २०१८च्या नियमांत महाविद्यालयीन क्रीडा संचालकाच्या पात्रतेत शारीरिक शिक्षणाबरोबर क्रीडाविज्ञानाची पदव्युत्तर पदवीही (५५ टक्के) धरलेली आहे. माध्यमिक शाळेत मात्र बी.पी.एड.च लागते. क्रीडाविज्ञानाच्या पदवीधराला शाळेत जायचे असेल तर आणखी दोन वर्षे, आणि पहिल्याच सत्रात पुन्हा शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचा तोच एक पेपर.