नॉन-फिक्शन पुस्तकाची पूर्वतयारी

चरित्र, इतिहास, विज्ञान असं खऱ्या गोष्टींवरचं पुस्तक लिहायला बसण्याआधी जे वाचन, टिपणं, मुलाखती आणि आखणी करावी लागते ती म्हणजे पूर्वतयारी, आणि बऱ्याचदा लिहिण्यापेक्षा यातच जास्त वेळ जातो.

सगळ्यात आधी विषय नाही, प्रश्न ठरवायचा. ‘पाणी’ हा विषय झाला, त्यावर जन्मभर वाचत बसता येईल, पण ‘विहिरी का आटतात’ असं विचारलं की काय वाचायचं, कोणाला भेटायचं आणि मुख्य म्हणजे काय सोडून द्यायचं ते कळायला लागतं. अमेरिकन चरित्रकार रॉबर्ट कॅरो तर अख्खं पुस्तक कशाबद्दल आहे ते आधी एक-दोन, फार तर तीन परिच्छेदांत बसवतात, मग आउटलाइन करून भिंतीवर लावतात.

मग टिपणं, आणि खरी मेहनत इथेच आहे. एका कार्डावर एकच मुद्दा, खाली पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान नंबर, उतारा जसाच्या तसा घेतला असेल तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे, आणि स्वतःचं मत वेगळ्या शाईत. ‘नंतर टाकू’ म्हणून पान नंबर राहिला की सहा महिन्यांनी ते वाक्य आपलं की दुसऱ्याचं हेच आठवत नाही, नकळत होणारी वाङ्मयचोरी अशीच होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी अशी साधारण ९०,००० कार्डं जमवली होती, प्रत्येकाला नंबर आणि त्यावरून दुसऱ्या कार्डाकडे जायची वाट.

मुलाखती घ्यायच्या असतील तर वयस्कर माणसांना आधी गाठावं, कागदपत्रं थांबतात, माणसं थांबत नाहीत. रेकॉर्डिंगची परवानगी सुरुवातीलाच घ्यावी. फोटो, नकाशे, लांब उतारे यांची परवानगी यायलाही वेळ लागतो.

आखणीत थोडं गणितही येतं, म्हणजे ६०,००० शब्द आणि १२ प्रकरणं धरली तर एकाला ५,००० आले, रोज ५०० लिहिले तर १२० दिवस. प्रकरणांचा क्रम मात्र लिहिताना बदलतोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आराखडा हळूहळू वाढत जाणंही नेहमीचंच, डार्विनने १८४२ मध्ये आपला उत्क्रांतीचा सिद्धांत पेन्सिलीने सुमारे ३५ पानांत मांडला, १८४४ मध्ये तो वाढवून २३० पानांच्या आसपास नेला, पुस्तक आलं १८५९ मध्ये.

तयारी कधी थांबवायची? नवीन वाचलेल्यात तेच ते मुद्दे परत भेटायला लागले की पहिलं प्रकरण सुरू करावं, राहिलेली भोकं लिहितानाच दिसतात.