रोजगार हमीचं नियोजन आणि देखरेख (कोल्हापूर जिल्हा)

रोजगार हमी म्हणजे गावातल्या ज्या माणसाला अंगमेहनतीचं काम पाहिजे त्याला सरकारने काम द्यायचं आणि नाही देता आलं तर भत्ता द्यायचा, अशी कायद्यानेच अंगावर घेतलेली जबाबदारी. सगळे रोहयो म्हणतात, जुनी माणसं अजूनही दुष्काळी काम म्हणतात. कामं ठरतात कशी आणि त्यांच्यावर नजर कोण ठेवतं, हे या नोंदीत मुख्य आहे, कारण मजुराच्या हाताला वेळेवर काम लागतं की नाही हे तिथंच ठरतं.

योजना महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, तिच्यामागचं डोकं वि. स. पागे यांचं, ते विधान परिषदेचे सभापती होते आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यात त्यांनी ही कल्पना आधी करून बघितली होती. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच, त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला. म्हणजे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्याच्या पगारातून महिन्याला पीटी म्हणून २०० रुपये कापतात ना, फेब्रुवारीत ३००, तो कर मुळात डोंगरातल्या मजुरासाठी सुरू झालाय, आणि ही गोष्ट शहरातल्या प्रत्येकाला माहीत असावी असं मनापासून वाटतं. त्याही आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात दुष्काळी कामं काढली होती आणि स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती, त्यामुळे लोकांना नुसतं धान्य न वाटता कामही द्यायचं हा विचार इथं नवा नाही. केंद्राचा कायदा २००५ चा, तो कोल्हापुरात तिसऱ्या टप्प्यात १ एप्रिल २००८ ला आला. त्या कायद्यात घराला वर्षाला १०० दिवस केंद्राच्या पैशातून होते, त्यापुढचे दिवस महाराष्ट्र स्वतः सोसायचा.

कोल्हापूरला रोहयो कशाला, ऊस आहे, दूध आहे, एमआयडीसी आहे, असं बरेच जण म्हणतात. शिरोळ, हातकणंगले, करवीर बघून ते खरंही वाटतं, तिथं भांगलणीला सुद्धा माणूस मिळत नाही. पण गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड इकडे डोंगरउतारावर भात-नाचणी निघाली की पुढे हाताला काम नाही, मग तरणी पोरं मुंबई-पुणे गाठतात आणि घरात बायका आणि म्हातारी माणसं राहतात. त्यांना गावात काम पाहिजे. बारा तालुक्यांना एकच मोजपट्टी लावून नियोजन केलं तर ते पहिल्याच महिन्यात चुकतं.

नियोजनाची सुरुवात २ ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभेत होते. पुढच्या आर्थिक वर्षात किती घरांना, कुठल्या महिन्यात, किती दिवस काम लागेल याचा अंदाज काढायचा, याला लेबर बजेट म्हणतात, आणि त्याला पुरतील एवढी कामं आधीच मंजूर करून ठेवायची, त्याला शेल्फ म्हणतात. ग्रामरोजगार सेवक यादी करतो, तांत्रिक सहायक अंदाजपत्रक काढतो, मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी. तालुक्याला तहसीलदार आणि गटविकास अधिकारी बघतात, जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर. कागदावर हे सरळ आहे, खरी कसोटी महिन्यांची आहे. जून-जुलैला भाताची रोपलावण, दिवाळीच्या आसपास कापणी-मळणी, तेव्हा रोहयोवर कोण येणार, आणि आलं तरी गगनबावड्याच्या पावसात माती खणणार कशी? मागणी असते ती फेब्रुवारी ते मे. म्हणजे मंजुऱ्या जानेवारीच्या आत हातात पाहिजेत, मार्चअखेरच्या घाईत फाईल अडकली की अर्धा हंगाम गेलाच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो नवा कायदा केला त्यात १२५ दिवसांची हमी आहे, पेरणी-कापणीच्या दिवसात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं थांबवायची मुभा आहे आणि खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याने उचलायचा आहे, त्यामुळे हे महिन्यांचं गणित आणखीनच महत्त्वाचं होणार.

कामं कुठली? पाणंद म्हणजे शेताकडे जायची वाट, गावतळ्यातला गाळ, बांधबंदिस्ती, विहीर, जनावरांचा गोठा, आणि आजरा-चंदगडकडे काजूची लागवड. पाणंदीचं काम इथं सगळ्यांना पाहिजे असतं कारण पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून वैरणीचा भारा आणायचा कसा हे शेतकऱ्यालाच माहीत. पण त्यात मुरूम-खडी जास्त आणि मजुरी कमी, आणि २००५ च्या कायद्याने जिल्ह्यात मजुरी ६० आणि साहित्य ४० हे प्रमाण सांभाळावं लागायचं, म्हणून पाणंदी घ्यायच्या तर जोडीला मातीकाम आणि फळबागही घ्यावी लागायची. ठेकेदार चालत नाही. मजुराचं काम खाणारं मशीन पण चालत नाही, तरी रात्रीत जेसीबी फिरवून दिवसा मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं लिहायचे प्रकार राज्यात उघड झालेत, देखरेख कशासाठी पाहिजे ते यावरून कळावं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कामाची मागणी. ही योजना मागितल्यावर चालते. नमुना ४ भरून द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची, त्या तारखेपासून १५ दिवसात काम, नाहीतर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव आणि पुढे निदान निम्मा बेकारी भत्ता. मी एका डोंगरातल्या गावात बघितलं, एक मावशी जॉब कार्ड (रोहयोच्या कामाची नोंद असते ते पुस्तक) पदरात गुंडाळून तिसऱ्यांदा आलेल्या, कार्डाची पानं कोरी, आणि त्यांना प्रेमानेच सांगितलं गेलं, "मावशी, काम निघालं की सांगतो की." त्या बऱ्या म्हणून गेल्या. कोणी हाकलून लावलं नाही, पण नमुना भरला नाही, पोच नाही, म्हणजे रेकॉर्डला त्या गावात कामाची मागणीच शून्य, आणि पुढच्या वर्षीचं बजेट त्या शून्यावरच बेतणार. कोल्हापुरात मागणीच नाही हे वाक्य ऐकलं की मला ती कोरी पानं आठवतात.

काम सुरू झाल्यावर देखरेख दोन ठिकाणी, हजेरी आणि मोजमाप. ई-मस्टर आठवड्याचं असतं, मोबाईल ॲपवर मजुरांचा सकाळी एक आणि नंतर एक असा दिवसातून दोनदा फोटो टाकायचा. डोंगरकपारीत रेंज नसते, मग फोटो चढवायला टेकडीवर जायचं. मोजमाप हे त्याहून महत्त्वाचं, कारण रोजचा दर ठरलेला असला (२०२५-२६ ला तो ३१२ रुपये होता) तरी मातीकामात पैसे मिळतात ते टेप लावून भरलेल्या मापावर. खड्ड्याच्या मधे मातीचा एक खुंट न खणता सोडतात, मूळ जमीन कुठपर्यंत होती त्याची ती साक्ष. मुरमाड रान असेल आणि मापन पुस्तिकेत साधी माती लिहिली तर आठवडाभर घाम गाळून हातात निम्मेच पडतात. म्हणून इंजिनिअरने माप मजुरांसमोर घ्यावं आणि आकडा मोठ्याने सांगावा. १५ दिवसात पैसे खात्यावर आले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई, ती फार कमी आहे.

सामाजिक अंकेक्षण सहा महिन्यांनी करायचं असतं. गावातल्या माणसांसमोर मस्टर वाचतात, नाव, दिवस, रक्कम. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणतं, "ह्यो तर दोन वर्षं पुण्याला हाय," आणि सगळी सभा वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदाकडे बघायला लागते.